शेपूट घेऊन पंधराशे मैल

गेल्या आठवड्यात हिंजवडीतल्या एका मित्राचा फोन आला. आवाज असा पडलेला, की मला वाटलं, बॉसनं राजीनामाच मागितला. 'अरे, गाडी टो झाली यार!' एफसी रोडला पाच मिनिटं कॉफी प्यायला म्हणून (सगळ्यांची पाचच मिनिटं असतात) नो पार्किंगमध्ये बाईक लावली, परत येऊन बघतो तर जागेवर फक्त ऑईलचा डाग. पुण्या-मुंबईत 'टो' या शब्दाला तेवढाच अर्थ. तो टेम्पो, त्यातून टुणकन उड्या मारणारी पोरं आणि मागे 'ओ दादा, ओ दादा' करत धावणारे आपण.

त्याला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, 'अरे, मी तर स्वतःच्या खिशातून पैसे भरून स्वतःचीच गाडी टो केलीय. पंधराशे मैल.'

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, 'तू बरा आहेस ना?'

तर दोस्तांनो, या वेळचा कॉलम म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर.

गोष्ट २०२३ ची. ऑगस्टमध्ये माझी न्यू जर्सीतली नोकरी गेली. सकाळी नऊला मीटिंग, सव्वानऊला लॅपटॉप बंद. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली, की साठ दिवसांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात नवा एम्प्लॉयर शोधा, नाहीतर बॅगा भरा. आईबाबांना उशिरा सांगता येतं, मित्रांना तर सांगितलंच नाही तरी चालतं, पण त्या घड्याळाला काही सांगता येत नाही. त्रेचाळिसाव्या दिवशी डॅलसहून ऑफर आली. पगार थोडा कमी. रिलोकेशन अलाउन्स? एचआरच्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात 'नाही' म्हणून सांगितलं.

एडिसन ते डॅलस साधारण १५५० मैल. म्हणजे किती? पुण्याहून दिल्ली गाठायची आणि पुढे आणखी हजार किलोमीटर जायचं. मूव्हर्सचा कोट मागवला. आकडा वाचून बायकोनं आधी मला पाणी आणून दिलं, मग स्वतः प्यायली.

अशा वेळी अमेरिकन माणूस जे करतो, तेच आम्ही केलं. ट्रक भाड्यानं घेतला. आपल्याकडे ट्रक म्हटला की ड्रायव्हर, क्लीनर आणि मागे 'हॉर्न ओके प्लीज' हे सगळं पॅकेजमध्येच येतं. इथे फक्त किल्ली हातात देतात. भरा तुम्ही, चालवा तुम्ही, दुसऱ्या गावातल्या ऑफिसात सोडून द्या तुम्ही. या 'इथे घ्या, तिथे सोडा' धंद्याची सुरुवातही एका घर बदलणाऱ्या जोडप्यानंच केलेली. १९४५ मध्ये शोएन नावाचं एक नवरा-बायको लॉस एंजेलिसहून पोर्टलंडला निघाले. सामानासाठी एका बाजूचा ट्रेलर भाड्यानं मिळेना, म्हणून त्यांनी तोच धंदा काढला. ती यू-हॉल कंपनी. आज या क्षेत्रात बऱ्याच कंपन्या आहेत. आम्ही कुठल्या कंपनीचा ट्रक घेतला ते जाऊ द्या, कारण पुढे जे झालं त्यात चूक कंपनीची नव्हती.

आणि धक्कादायक गोष्ट ऐका. या ट्रकसाठी वेगळं लायसन्स लागत नाही! ट्रकची भरलेली वजनमर्यादा २६,००० पौंडांच्या आत असेल (म्हणजे जवळजवळ पावणेबारा टन), तर कारचं साधं लायसन्स पुरतं. काल भाजी आणायला कोरोला चालवणारा माणूस आज वीस फुटी खोकं घेऊन हायवेला लागतो. मी काउंटरवर दोनदा विचारलं, 'नक्की?' तो म्हणाला, 'नक्की.' त्याला माझी पार्किंगची हिस्टरी माहीत नव्हती.

आता मुख्य प्रश्न. कोरोलाचं काय?

इथे जरा थांबून त्या कोरोलाबद्दल सांगायला हवं. ती माझी नाही, बायकोची. पुण्यात ती एका सीए फर्ममध्ये होती. लग्न करून इकडे आली ती एच-फोर व्हिसावर. हा व्हिसा म्हणजे, राहा, जेवा, नवऱ्याची वाट बघा. २०१५ मध्ये नियम बदलला आणि नवऱ्याचे ग्रीन कार्डाचे कागद एका टप्प्याच्या पुढे सरकले असतील, तर बायकोला काम करायचा परवाना मिळू लागला. आमचे कागद त्या टप्प्याला पोचायला चार वर्षं लागली. परवाना आला आणि तीन आठवड्यांत तिनं टॅक्सचं काम करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात नोकरी मिळवली. पहिल्या सहा महिन्यांच्या पगारातून ही चंदेरी सेकंडहँड कोरोला घेतली. ड्रायव्हिंग शिकवायला रीतसर शिक्षक ठेवला, कारण मी शिकवायला बसलो असतो तर दुसऱ्या धड्यातच आमचं लग्न मोडलं असतं. डॅशबोर्डवर सारसबागेतून आणलेला बोटभर गणपती, कप्प्यात बडीशेपेची डबी, मागच्या सीटवर ऑफिसची चप्पल. घराला ती 'आपलं' म्हणते, पण गाडीला 'माझी'.

'मी चालवते ना मागून,' ती म्हणाली.

'पंधराशे मैल? एकटी? वेडी आहेस का?'

'तू आयुष्यात पहिल्यांदा ट्रक चालवणार आहेस. तो वेडेपणा नाही?'

मी काळजीचा सूर लावला. थकशील, रस्ता चुकशील, चार दिवस सलग गाडी चालवणं म्हणजे गंमत नाही. मग पुरुष लोक वादात हरायला लागले की जे करतात, ते केलं. एक्सेल शीट उघडलं. तर पंचाईत अशी झाली, की शीटमध्ये तिचाच पर्याय स्वस्त पडत होता! कोरोलाला लागणार बावन्न गॅलन पेट्रोल, म्हणजे पावणेदोनशे डॉलर. टो करायचं, तर नुसतं भाडंच त्याच्या वर. शिवाय ट्रक पेट्रोल जास्त पिणार, ते वेगळं. आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी तो कॉलम हाइड केला आणि तिला म्हटलं, 'बघ, टो करणंच प्रॅक्टिकल आहे.'

ती सीएच्या ऑफिसात वाढलेली बाई आहे. तिला हाइड केलेला कॉलम दिसला नसेल असं मला आता वाटत नाही. पण ती काही बोलली नाही.

ट्रकला कार जोडायचे दोन मार्ग असतात. पहिला, चारचाकी ट्रेलर. अख्खी कार त्याच्यावर चढवायची, चारही चाकं जमिनीपासून वर. महाग, जड, पण बिनघोर. दुसरा, टो डॉली. ही दोन चाकांची बुटकी गाडी. कारची पुढची दोन चाकं तिच्यावर चढवून पट्ट्यांनी आवळायची, मागची दोन आपली रस्त्यावर फिरत येतात. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते अशा कारला डॉली चालते, आणि कोरोला तशीच. मागच्या किंवा चारही चाकांना ताकद जाणारी कार डॉलीवर तशीच घातली, तर फिरत्या चाकांबरोबर गिअरबॉक्सचीही पूजा होते. त्यांच्यासाठी ट्रेलरच. आम्ही अर्थात डॉली घेतली. अंथरूण पाहून पाय पसरायची सवय.

डॉली देणाऱ्या पोरानं तीन नियम सांगितले. एक, ताशी ५५ मैलांच्या वर जायचं नाही. दोन, पहिल्या पाच मैलांवर थांबून पट्टे तपासायचे, आणि मग प्रत्येक थांब्यावर. तीन, रिव्हर्स घ्यायचा नाही.

'कमी घ्यायचा?' मी.

'नाही घ्यायचा,' तो.

कारण असं, की ट्रक आणि डॉली यांच्यात एक सांधा असतो, डॉली आणि कार यांच्यात दुसरा. पुढे ओढताना सगळं शहाण्यासारखं मागून येतं. मागे ढकललं, की प्रत्येक सांधा आपापल्या मर्जीनं दुमडतो. बॉक्समध्ये आणखी एक गोष्ट समजली. कारच्या इन्शुरन्समध्ये किंवा क्रेडिट कार्डवर मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीच्या संरक्षणात असे ट्रक बऱ्याचदा बसत नाहीत. मी जास्तीचं कव्हर गुपचूप घेतलं. एक्सेलमध्ये दाखवलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मंडळातले चार मित्र आले. चार पिझ्झा आणि एक पातेलं मिसळ या मोबदल्यात अख्खं घर ट्रकमध्ये गेलं. जड सामान पुढे, केबिनच्या बाजूला, हलकं मागे. हा नियम एका नागपूरकरानं इतक्या वेळा सांगितला, की शेवटी त्यालाच पुढे बसवावा असं वाटलं. गोड्या मसाल्याची बरणी आणि देव मात्र केबिनमध्ये.

शनिवारी सकाळी कार डॉलीवर चढवली. मीच. बायको बाजूला उभी राहून 'येऊ दे, येऊ दे, बास' करत होती. पट्टे आवळले, साखळ्या अडकवल्या, मागच्या दिव्यांची वायर जोडली आणि मी हात झटकले.

'हँडब्रेक सोडलास?' तिनं विचारलं.

मी गाडीत डोकावलो. नव्हता सोडला. पुण्यातली सवय, उतरताना हात आपोआप हँडब्रेककडे जातो. कार डॉलीवर असताना मागची चाकं रस्त्यावर फिरायची असतात. ती जखडलेली ठेवून निघालो असतो, तर दोन टायर डांबरावर घासत, धूर काढत गेले असते आणि मला केबिनमध्ये पत्ताही लागला नसता.

'तेच बघत होतो,' मी म्हटलं.

'हो का,' ती म्हणाली.

ट्रक चालवणं वाटतं तितकं कठीण नाही. त्याची उंची लक्षात ठेवणं कठीण. फोनमधला नकाशा तुम्हाला कारवालाच समजतो. त्याला काय माहीत, तुमच्या डोक्यावर खोकं आहे ते! बॉस्टनमध्ये दर वर्षी १ सप्टेंबरच्या आसपास, विद्यार्थ्यांची घरं बदलतात तेव्हा, भाड्याचे ट्रक स्टॉरो ड्राइव्ह या रस्त्यावरच्या बुटक्या पुलांखाली अडकतात. त्याला तिथे चक्क 'स्टॉरोइंग' असं क्रियापद आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावात ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वे पूल होता. ट्रकची छपरं डब्याच्या झाकणासारखी सोलायचा. २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला, तरी त्याची भूक पूर्ण गेली नाही. निघायच्या आदल्या रात्री मी त्याचे व्हिडिओ बघितले. असं कधी करू नका. ट्रकची उंची कागदावर लिहून समोर चिकटवा आणि झोपा.

हायवेला लागलो आणि पहिला शोध लागला. आरशात कार दिसत नाही! ट्रकची पाठ इतकी रुंद, की तिच्यामागे कोरोला पूर्ण लपते. दोन्ही आरशांत नुसत्या पांढऱ्या भिंती. कधी मोठं वळण आलं, तर चंदेरी बॉनेटचा एक कोपरा दिसतो आणि पुन्हा गायब. आहे की निखळली, सरळ येतेय की वाकडी, काही कळत नाही. मागे आहे असं धरून चालायचं.

पाच मैलांवर थांबायचं होतं. मी थांबलो नाही. आय-२८७ वर एवढं धूड एकदाचं घुसवलं होतं, पुन्हा बाहेर काढून पुन्हा घुसवायची हिंमत नव्हती. 'पुढे बघू,' असं तीन वेळा म्हटलं. पेनसिल्व्हेनियात एका रेस्ट एरियाला थांबलो, तेव्हा शंभर मैल झाले होते. मी कॉफीच्या रांगेत आणि ही ट्रकच्या मागे. परत आलो तर ती डावा पट्टा दोन बोटांनी वर उचलून उभी होती. जो पट्टा तबल्याच्या वादीसारखा ताणलेला असायला हवा, तो कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा झुलत होता.

पट्टे सैल होतातच. रस्त्याच्या हादऱ्यांनी टायर आपली जागा धरतो आणि पट्ट्याला ढील मिळते. म्हणूनच तो पाच मैलांचा नियम. साखळ्या होत्या, कार लगेच सुटली नसती. पण तिच्या मागे कोण होतं, याचा विचार मला कॉफी हातात धरून तिथे उभा असताना आला. एक मिनीव्हॅन आमच्या मागून बराच वेळ येत होती. मागच्या सीटवर दोन पोरं होती.

तिनं रॅचेटचा दांडा मागेपुढे करून पट्टा कसला. बोटानं वाजवून बघितला. मग उजवाही. त्यानंतर डॅलसपर्यंत प्रत्येक थांब्यावर हे काम तिनंच केलं, मी न सांगता.

पेनसिल्व्हेनियातून आय-८१ धरला, की तो मेरीलँड आणि वेस्ट व्हर्जिनियाला चिमटे काढत व्हर्जिनियात शिरतो आणि तिथे सव्वातीनशे मैल संपतच नाही. एका बाजूला ब्लू रिजचे डोंगर, ऑक्टोबरातली लालपिवळी झाडं. पोस्टकार्ड बघायचं सोडून मी मात्र बाजूनं जाणाऱ्या अठरा चाकी ट्रक्सकडे बघत होतो. तो शेजारून सुटला, की आधी वाऱ्याचा धक्का, मग ओढ, आणि मागचं शेपूट जरा डोलतं. अशा वेळी ब्रेक दाबायचा मोह होतो. तोच करायचा नाही. पाय हळूच काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, डोलणं आपोआप थांबतं. उतारावर खालचा गिअर. आमच्यापेक्षा सगळेच फास्ट. एक आजोबा कॅम्पर घेऊन ओव्हरटेक करून गेले, वर हात हलवून.

शेनान्डोआ खोऱ्यात कुठेतरी, बराच वेळ गप्प बसलेली बायको म्हणाली, 'इंजिन चांगलंय. टायर मार्चमध्ये बदललेत. टाकी अर्धी भरलीय. आणि ओढली जातेय.'

'अगं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. गाडीला काही होत नाही.'

'गाडीला,' ती म्हणाली. आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.

मला समजायला पुढचे दहा मैल लागले. मी नंतर आठवून बघितलं. ऑफर आली तेव्हा मी ओरडलो होतो, 'मिळाली!' ती म्हणाली होती, 'अरे वा.' आणि मग, 'कधी निघायचं?' आम्हा दोघांच्या बोलण्यात 'जायचं का?' हे वाक्यच आलं नव्हतं. न येण्याला कारण होतं, साठ दिवसांचं घड्याळ होतं, सगळं खरं. पण दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात नोटीस दिली. तिथल्या बायकांनी तिला केक आणला. त्या संध्याकाळी मी तिला काय विचारलं होतं माहितीये? 'खोकी मिळाली का ऑफिसातून?'

सॉरी म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, 'चहा घ्यायचा का?' मराठी नवऱ्याचं 'सॉरी' बऱ्याचदा चहाच्या कपातून येतं. आणि हायवेवर चहा मिळत नाही.

पहिला मुक्काम हॅरिसनबर्गला, दुसरा नॉक्सव्हिलला. तिसऱ्या दिवशी टेनेसीत कंबरलँडच्या पठाराचा चढ चढताना ट्रकनं असा काही सूर लावला, की आम्ही दोघांनी देवांच्या पिशवीवर हात ठेवला. पठारावरच घड्याळ एक तास मागे गेलं. नॅशव्हिल गेलं. मेम्फिसला मिसिसिपी आली. हर्नांडो डी सोटो पूल, तोच ज्याच्या पोलादी तुळईत २०२१ मध्ये तडा सापडला आणि जवळजवळ तीन महिने बंद ठेवावा लागला. मी ही माहिती पुलाच्या बरोबर मध्यावर बायकोला सांगितली. तिनं बरणी घट्ट धरली.

पूल ओलांडला की आर्कान्सा. रात्रीचे नऊ. एक मोटेल दिसलं, स्वस्त. आत शिरायचा रस्ता अरुंद.

'पुढे जाऊ या,' ती म्हणाली. 'इथे वळायला जागा दिसत नाही. पुढे ट्रक स्टॉप आहेत.'

'अगं, मागे असेल की वळायला.'

मागे भिंत होती. भिंतीला लागून कचऱ्याची पेटी. दोन्ही बाजूंना पार्क केलेल्या गाड्या. आणि मध्ये आम्ही, ट्रक, डॉली आणि कार मिळून पंचेचाळीस फुटांची माळगाडी, रिव्हर्स नसलेली.

मी इंजिन बंद केलं. काय बोलावं सुचेना. ती 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात एका खोलीतून एक सरदारजी बाहेर आले. ट्रकवाले. या हायवेंवर पंजाबी ट्रकवाले पुष्कळ भेटतात. त्यांनी आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, 'बेटा, अंदर जाने से पहले बाहर निकलने का रास्ता देखते हैं.'

मग सुरू झाला तासाभराचा कार्यक्रम. पट्टे सोडा, साखळ्या सोडा, कार खाली उतरवा. डॉली ट्रकपासून सोडवा, तिघांनी मिळून हातानं ढकलून बाजूला घ्या. मग ट्रक इंचाइंचानं मागे, सरदारजींच्या इशाऱ्यावर. मग डॉली पुन्हा जोडा. कार उतरवायला मी दार उघडायला गेलो, तर बायको आधीच आत बसलेली. तिनं कार अलगद खाली घेतली आणि त्या एवढ्याशा जागेत दोन झटक्यांत फिरवून, तोंड रस्त्याकडे करून लावली. मला तो ट्रक घेऊन जे साधलं नाही, ते तिला अर्ध्या मिनिटात. सरदारजी म्हणाले, 'ये किसने चलाना सिखाया?' ती म्हणाली, 'मास्टर रखा था.' माझ्याकडे कोणी बघितलं नाही.

सकाळी सहाला मी रॅचेट घेऊन उभा होतो. कार चढवायची, पट्टे कसायचे. ती कॉफीचे कप घेऊन आली. समोर कोरोला, दव पडलेली, हायवेकडे तोंड करून.

'तू चालवतेस का?' मी विचारलं.

म्हणालो आणि माझ्याच लक्षात आलं, ऑगस्टपासून मी तिला विचारलेला हा पहिलाच खरा प्रश्न.

'साडेचारशे मैल आहेत,' ती म्हणाली. 'थकेन. रस्ता चुकेन.' आणि हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

रिकाम्या डॉलीचे पट्टे आणि साखळ्या नीट गुंडाळून बांधल्या (लोंबत्या राहिल्या तर रस्त्यावर घासतात) आणि निघालो. ती पुढे, मी मागे. मला वाटलं, एकटीनं चालवायचं म्हणजे ती घाबरून माझ्या मागे मागे येईल. ती पुढे गेली, पण माझ्या वेगानं. लिटल रॉकला तिनं एक्झिटच्या दोन मैल आधी इंडिकेटर दाखवला, म्हणजे मला लेन बदलायला वेळ मिळावा. टेक्सारकानाला अर्धा पाय आर्कान्सात आणि अर्धा टेक्सासात ठेवून आम्ही थालीपीठ आणि लोणचं खाल्लं. पंधराशे मैलांत पहिल्यांदा मला कोरोला सतत दिसत होती. आरशात नाही, समोर.

पुढचं सगळं गोड झालं असं समजू नका. डॅलसमध्ये तिला नोकरी मिळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत आमची दोन कडक भांडणं झाली आणि दोन्ही वेळेस 'ओढून आणलंस' हा शब्द आला. तो खोटा नव्हता, म्हणून मी गप्प बसलो. आता ती ज्या ऑफिसात आहे, ते घरापासून पाच मैलांवर. कोरोलाच नेते. गणपती तिथेच, डॅशबोर्डवर.

हे सगळं मी मित्राला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, 'मस्तच. पण मी वेगळ्याच कामासाठी फोन केला होता. बाईकचं सोड. मला बंगलोरची ऑफर आलीय. कार कशी नेऊ? चालवत नेऊ, की कार कॅरिअरनं पाठवू?'

साडेआठशे किलोमीटर, एक दिवसाचा रस्ता. पॅकर्सवालेही कॅरिअरनं कार पोचवतात. इन्शुरन्स नीट बघ, चढवताना गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेव, टाकी फुल्ल करू नकोस. सगळं सांगितलं. मग विचारलं, 'वहिनींची खराडीची नोकरी?'

'ती काय, तिकडे बघेल काहीतरी.'

'तिला विचारलंस?'

'म्हणजे... माहितीये तिला.'

मी म्हटलं, 'फोन ठेव. आधी विचार. आणि एक्सेलमधला एकही कॉलम हाइड करू नकोस.'

हो, एक राहिलंच. डॅलसला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ट्रक आणि डॉली परत करायला गेलो. काउंटरवरच्या माणसानं कागद बघितले, मग बाहेर येऊन रिकामी डॉली बघितली. पट्टे बघितले. माझ्याकडे बघितलं.

'गाडी कुठेय?'

म्हटलं, 'ती पुढे गेली.'